छोट्या सभागृहातल्या मैफलीचं थेट प्रक्षेपण: ओबीएस, आवाज आणि एव्ही१

मंद्रसप्तक

पुण्यात थंडी पडायला लागली की मैफलींचा मोसम सुरू होतो. सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवासारख्या मोठ्या कार्यक्रमांकडे स्वतःची यंत्रणा असते, हा धागा त्यांच्यासाठी नाही. शंभर-दोनशे खुर्च्यांचं सभागृह, एक-दोन कॅमेरे, एक लॅपटॉप आणि कार्यक्रम यूट्यूबवर थेट दाखवायची मनापासून इच्छा, एवढ्या भांडवलावर काम करणाऱ्या संगीत संस्थांसाठी आणि मंडळांसाठी हे टिपण आहे.

पहिल्यांदाच सांगतो: अशा प्रक्षेपणात चित्रामुळे श्रोता उठून जात नाही. तो जातो आवाज वाईट असला तर, किंवा चक्र फिरत राहिलं तर. त्यामुळे वेळ आणि पैसा आधी आवाजावर, मग अपलोडवर आणि उरला तर कॅमेऱ्यावर खर्च करावा. बहुतेक ठिकाणी हा क्रम नेमका उलटा असतो.

ओबीएसची, म्हणजे लॅपटॉपवरून प्रक्षेपण करणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरची, मांडणी. कॅनव्हास १९२० बाय १०८०, फ्रेम्स सेकंदाला २५. यादीत '२५ पाल' असा पर्याय असतो, तोच घ्यावा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ३० फ्रेम्सवर ट्यूबलाईट आणि साधे एलईडी दिवे लुकलुकताना किंवा चित्रावरून पट्टे सरकताना दिसतात. कॅमेराही मेनूत पाल किंवा ५० हर्ट्झवर हवा आणि शटर १/५० वर पक्कं केलेलं हवं. व्हाईट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका. जुन्या हॅलोजनखाली ३२०० केल्विन पक्का करा, नाहीतर दिवेवाल्याने रंग बदलला की गायकाचा चेहराही बदलतो.

आउटपुटमध्ये 'ॲडव्हान्स्ड' निवडा. रेट कंट्रोल सीबीआर (बिटरेट, म्हणजे सेकंदाला पाठवायचा डेटा, कायम एकसारखा), कीफ्रेम (पूर्ण चित्र असलेली फ्रेम) दर २ सेकंदांनी, प्रोफाइल हाय. कीफ्रेमचा आकडा ० म्हणजे ऑटो ठेवला, तर अंतर वाढू शकतं आणि यूट्यूबचा नियंत्रण कक्ष तक्रार करतो. यूट्यूब २ सेकंद सुचवतं आणि ४ च्या वर जाऊ नका म्हणतं. गायनाच्या मैफलीत माणसं बसलेली असतात, मागचा पडदा हलत नाही. अशा चित्राला १०८०पी २५ साठी ६ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) पुरतात. त्याहून जास्त पाठवायला लाईन धड हवी. एन्कोडर, म्हणजे चित्र दाबून लहान करणारा भाग, म्हणून लॅपटॉपमधला इंटेल क्विकसिंक किंवा एनव्हीडियाचा एनव्हेंक वापरा. प्रोसेसरवर चालणारा एक्स२६४ हा एन्कोडरही चालतो, पण दोन-अडीच तास सगळा भार प्रोसेसरवर राहिला की लॅपटॉप तापतो, वेग स्वतःच कमी करतो आणि नेमक्या भैरवीच्या वेळी फ्रेम्स गळायला लागतात.

आता आवाज. मिक्सरवाल्याकडून मेन आउट (सभागृहाच्या स्पीकरना जाणारा आवाज) घेणं सगळ्यात सोपं, आणि छोट्या सभागृहात सगळ्यात चुकीचं. सभागृह लहान असलं की तबला स्पीकरविनाच ऐकू येतो, म्हणून मिक्सरवाला तो मेनमध्ये जेमतेम उघडतो. प्रक्षेपणात मग गायक छातीवर आणि तबला शेजारच्या खोलीत, असं ऐकू येतं. त्यामुळे स्वतंत्र ऑक्स (मिक्सरमधून निघणारं वेगळं मिश्रण) मागा आणि तो प्री-फेडर (मुख्य सरकपट्टीच्या आधी घेतलेला) असू द्या, म्हणजे सभागृहासाठी केलेले चढउतार तुमच्यापर्यंत येणार नाहीत. या ऑक्समध्ये तबला आणि तानपुरा मेनपेक्षा बरेच वर हवेत. टाळ्या आणि सभागृहाचा श्वास यांसाठी एक-दोन मायक्रोफोन मागे लावा. हे सगळं लॅपटॉपच्या ३.५ मिलिमीटरच्या खाचेत नको, यूएसबी ऑडिओ इंटरफेसमधून जाऊ द्या. ती खाच बहुधा माईक लेव्हलची असते, मिक्सरचा लाईन लेव्हल तिथे लगेच फाटतो.

मागचा मायक्रोफोन मंचापासून १७ मीटरवर असेल तर त्याच्यापर्यंत आवाज साधारण ५० मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. दोन्ही तसेच मिसळले तर तबल्याचा प्रत्येक ठोका दुहेरी ऐकू येतो. ओबीएसच्या 'ॲडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीज'मध्ये मिक्सरकडून येणाऱ्या स्रोताला ५० मिलिसेकंदांचा सिंक ऑफसेट द्या. पुढचा आवाज मागच्यासाठी थांबवायचा, उलट नाही. शिवाय कॅप्चर कार्डातून (कॅमेऱ्याचं चित्र लॅपटॉपमध्ये घेणारं उपकरण) येणारं चित्रही थोडं मागे असतं, त्यामुळे हा ऑफसेट ओठांशी ताडून दोन्ही स्रोतांना सारखाच वाढवावा लागतो. कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवून रेकॉर्ड करा आणि फ्रेम बाय फ्रेम बघा. २५ फ्रेम्सना एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद, एवढं गणित पुरतं.

सॅम्पल रेट सगळीकडे ४८ किलोहर्ट्झ ठेवा: इंटरफेस, विंडोजचं ध्वनी सेटिंग, ओबीएस. एकाने ४४.१ धरलं की चरचर तरी येते, नाहीतर तासाभराने ओठ आणि शब्द वेगळे होतात.

एरंडवणेकर

उत्तम टिपण. आवाजात एक भर घालतो, कारण हा बिघाड सगळ्यात जास्त वेळा कानावर पडतो. ओबीएसमध्ये 'नॉइज सप्रेशन' नावाचा फिल्टर आहे आणि त्यात आरएनएनॉइज हा पर्याय आहे. व्याख्यानासाठी तो छान. पंख्याची घरघर, एसीचा आवाज सफाईने काढतो. पण तो माणसाचं बोलणं राखायला शिकवलेला आहे. सतत एकसारखं चालणारं जे काही असेल ते त्याच्या लेखी मागचा गोंगाट. म्हणजे तानपुरा! हार्मोनियमचा लांबवलेला सूरही तो खातो, आणि विलंबित आलापीत गायकाने षड्ज लावून धरला की मध्येच तोही पातळ होतो. श्रोत्याला वाटतं लाईन खराब आहे.

गायन-वादनाला हा फिल्टर लावूच नये. 'नॉइज गेट'ही नको, आलापाच्या विरामात गेट बंद होतो आणि तानपुऱ्याची आस मधूनच कापली जाते. लिमिटर (ठराविक पातळीच्या वर आवाज जाऊ न देणारा फिल्टर) तेवढा ठेवावा, -३ डीबीवर, तबल्याच्या जोरदार थापेपुरता. सरासरी पातळी -१८ ते -२० च्या आसपास आणि शिखरं -६ च्या खाली, अशी मिक्सरवाल्याबरोबर साउंडचेकलाच ठरवून घ्यावी. द्रुत सुरू झाल्यावर कलाकार नक्की वर जातात, ती जागा आधीच राखायची.

लॅपटॉपच्या स्वतःच्या 'ऑडिओ एन्हान्समेंट्स' विंडोजमध्ये बंद आहेत ना, तेही बघा. ओबीएसमध्ये काहीच लावलेलं नसताना तानपुरा गायब होत असेल तर चोर बहुतेक तिथे सापडतो.

पेठेतला वायरमन

आवाजात ५० हर्ट्झचा हम, म्हणजे सततची गुणगुण, येत असेल तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. हम गेला तर तो ग्राउंड लूप. मिक्सर एका बोर्डावर आणि लॅपटॉप भिंतीतल्या दुसऱ्या सॉकेटवर असला की हे होतं. दोघांना एकाच बोर्डावरून वीज द्या. तरी राहिला तर मिक्सर आणि इंटरफेस यांच्यामध्ये डीआय बॉक्स किंवा ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. चार्जरची अर्थिंगची पिन काढून टाकायचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नका. मंचावर कलाकाराच्या हातात मायक्रोफोन असतो.

राउटर आणि फायबरचा ओएनटी (फायबर जोडणीचा डबा) हे दोन्ही छोट्या यूपीएसवर हवेत. लॅपटॉपला बॅटरी असते, त्यामुळे वीज गेली तरी ओबीएस चालू राहतो, पण राउटर बंद. इमारतीचा जनरेटर सुरू व्हायला अर्धा मिनिट लागलं तरी राउटर पुन्हा जोडला जाईपर्यंत दोन-तीन मिनिटं जातात.

कथकप्रेमी

नृत्याला २५ फ्रेम्स चालतील का? चक्कर घेताना चित्र फरफटतं असं दिसतं. आणि प्रक्षेपण अधूनमधून अडखळतं तेव्हा दोष लॅपटॉपचा की नेटचा, हे कसं ओळखायचं?

मंद्रसप्तक

नृत्याला ५० फ्रेम्स घ्या, '५० पाल'. शटर १/१००. मग ६ एमबीपीएस पुरत नाहीत, ९ ते १२ लागतात. लाईन तेवढी नसेल तर १०८०पी चा हट्ट सोडून ७२०पी ५० पाठवा, त्याला ६ पुरतात. तत्कारात पायांची हालचाल सलग दिसणं हे घुंगरांच्या मण्यांच्या बारकाव्यापेक्षा महत्त्वाचं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ओबीएस स्वतःच देतो. 'डॉक्स' मेनूतून 'स्टॅट्स'ची पट्टी उघडून ठेवा. तिथे तीन वेगळे आकडे असतात आणि तिघांची कारणं वेगळी. 'रेंडरिंग लॅग'मुळे हुकलेल्या फ्रेम्स म्हणजे ग्राफिक्स कार्ड दमलं: फार ब्राउझर सोर्स (ओबीएसमध्ये दाखवलेली वेबपानं), दुसऱ्या खिडकीत चालू असलेला व्हिडिओ, किंवा लॅपटॉप पॉवर सेव्हरवर. 'एन्कोडिंग लॅग'मुळे वगळलेल्या म्हणजे एन्कोडरला वेळ पुरत नाही: प्रीसेट हलका करा, एक्स२६४ वर असाल तर क्विकसिंक किंवा एनव्हेंकवर जा. आणि 'ड्रॉप्ड फ्रेम्स, नेटवर्क' म्हणजे लॅपटॉप निर्दोष, लाईन अपुरी. या तिसऱ्या आजारावर लॅपटॉपची सेटिंग्ज बदलत बसणारे खूप. उपाय एकच, बिटरेट खाली आणा. ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये नेटवर्कखाली बिटरेट आपोआप जुळवून घेण्याचा पर्याय आहे, तो सुरू ठेवावा: फ्रेम्स टाकून देण्याऐवजी चित्र थोडं मऊ होतं आणि आवाज तुटत नाही.

ओपनसोर्स

लाईनबद्दल. ६ एमबीपीएसचं प्रक्षेपण म्हणजे तासाला २.७ जीबी. अडीच तासांच्या कार्यक्रमाला साधारण पावणेसात जीबी. मोबाइल डेटावर असाल तर दिवसाची मर्यादा मध्यंतराआधीच संपेल, ती आधी तपासा.

५जी वर डाउनलोड ३०० दिसतो म्हणून खूष होऊ नका. आपल्याकडच्या ५जी मध्ये ३.५ गिगाहर्ट्झचा जो पट्टा वापरतात, त्यात एकच वाट दोन्ही दिशांना वेळ वाटून देते आणि बराचसा वेळ डाउनलोडच्या वाट्याला जातो. आपल्याला हवा तो अपलोड. शिवाय दुपारी रिकाम्या सभागृहात केलेली चाचणी संध्याकाळी लागू पडत नाही: दोनशे माणसं आत आली की दोनशे फोन त्याच टॉवरवर येतात, आणि पहिली बंदिश सुरू झाली की त्यातले निम्मे व्हिडिओ पाठवायला लागतात. जाड भिंतींच्या जुन्या वास्तूत तर आत सिग्नलच क्षीण असतो, फोन खिडकीत ठेवून यूएसबी टेदरिंगची लांब वायर ओढावी लागते.

त्यामुळे सभागृहाच्या कार्यालयातून कॅट६ ची केबल आणा. १०० मीटरपर्यंत मधे काहीही लागत नाही. केबल रांगांमधून न्यायची असेल तर गॅफर टेपने चिकटवा, सेलोटेपने नाही. वेगाची चाचणी अर्धा मिनिट न करता यूट्यूबवर 'अनलिस्टेड' प्रक्षेपण करून दहा-पंधरा मिनिटं चालवा आणि नेटवर्कचा ड्रॉप्ड आकडा शून्यावर राहतो का ते बघा. नियमित मिळणाऱ्या अपलोडच्या निम्म्यापेक्षा जास्त बिटरेट ठेवू नये.

आता एव्ही१. मंद्रसप्तक यांनी शीर्षकात घेतलंय पण अजून लिहिलेलं नाही, म्हणून सुरुवात करून देतो. एव्ही१ हा अलायन्स फॉर ओपन मीडियाचा, रॉयल्टी न घेणारा कोडेक (चित्र दाबण्याची पद्धत), २०१८ चा. आपण सगळे जो एच.२६४ वापरतो तो २००३ चा. ओबीएस २९.१ पासून, म्हणजे २०२३ पासून, एन्हान्स्ड आरटीएमपीमुळे (प्रवाह पाठवण्याच्या पद्धतीची सुधारित आवृत्ती) यूट्यूबला थेट एव्ही१ पाठवता येतो. त्यासाठी हार्डवेअर एन्कोडर हवा: एनव्हीडियाची आरटीएक्स ४० मालिका किंवा पुढची, इंटेल आर्क, एएमडीची आरएक्स ७००० मालिका. आरटीएक्स ३० एव्ही१ वाचू शकतं, लिहू शकत नाही. जुना लॅपटॉप विकत घेताना हा फरक लोकांच्या लक्षात येत नाही.

मंद्रसप्तक

धन्यवाद. एव्ही१ बद्दल माझं मत असं. लाईन चांगली असेल तर छोट्या मैफलीला त्याचा फायदा डोळ्यांना दिसत नाही. यूट्यूब आपण पाठवलेलं जसंच्या तसं कुणालाच देत नाही, स्वतः पुन्हा एन्कोड करून वेगवेगळ्या आकारांत वाटतं. प्रेक्षकाच्या जुन्या फोनवर एव्ही१ चालेल का, ही काळजीही त्यामुळेच नको. व्हिडिओवर उजवं क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडा: कोडेकच्या ओळीत एव्हीसी१, व्हीपी०९ किंवा एव्ही०१ यांपैकी काहीतरी दिसेल. तुम्ही एव्ही१ पाठवलेला असला तरी छोट्या चॅनेलवर तिथे बहुतेकदा एव्हीसी१ च असतं.

खरा फायदा लाईन अरुंद असताना. अपलोड जेमतेम ५-६ येत असेल तर ३ एमबीपीएसचं एव्ही१ हे ३ एमबीपीएसच्या एच.२६४ पेक्षा स्पष्टच चांगलं दिसतं, विशेषतः काळ्या पडद्यावर. अंधाऱ्या भागातले चौकोन एच.२६४ मध्ये आधी दिसतात. अशा ठिकाणी जरूर वापरा. ओबीएसच्या मल्टिस्ट्रीम प्लगइनने तोच प्रवाह आणखी कुठे पाठवणार असाल तर मात्र एच.२६४ वरच राहा, कारण दुसरं टोक एव्ही१ घेईलच असं नाही.

एरंडवणेकर

इथे थोडा असहमत. मागचा पडदा काळा न ठेवता गडद मरून किंवा करडा ठेवला आणि त्यावर हलका उजेड टाकला तर एच.२६४ मध्येही चौकोन फारसे उरत नाहीत. कॅमेऱ्याचा गेन १२ डीबीच्या वर गेला की जो दाणेदारपणा येतो, त्यात निम्मा बिटरेट जातो. नवा लॅपटॉप घेण्याआधी दोन दिवे वाढवावेत, ते कलाकाराच्या चेहऱ्यालाही उपयोगी पडतात. फक्त निळे-जांभळे एलईडी गायकाच्या तोंडावर नकोत: सेन्सरचा निळा भाग भरून वाहतो आणि चेहऱ्याच्या रेषा नाहीशा होतात, मग कोडेक कोणताही असो.

मंद्रसप्तक

दिव्यांचं पटलं. भाड्याच्या सभागृहात पडदा बदलायला मिळत नाही, तेवढाच प्रश्न उरतो.

शब्दवेल्हाळ

पडद्यावर राग, ताल, साथीदारांची नावं मराठीत टाकायची आहेत. लिनक्सवर ओबीएसमध्ये 'विलंबित' लिहिलं की वेलांटी चुकीच्या जागी जाते, 'श्री' आणि 'द्रुत' तुटतात. फाँट बदलून काही होत नाही.

ओपनसोर्स

फाँटचा दोष नाही. लिनक्स आणि मॅकवरचा 'टेक्स्ट, फ्रीटाइप २' हा स्रोत अक्षरं एकेक करून मांडतो. जोडाक्षरं घडवणं, ऱ्हस्व वेलांटी आधी आणणं, हे काम तो करतच नाही. विंडोजवरचा 'जीडीआय प्लस'चा स्रोत ते करतो, म्हणून तिथे अडचण दिसत नाही.

उपाय: ब्राउझर सोर्स. मजकुराची एक छोटी एचटीएमएल फाइल करा, यूटीएफ-८ मध्ये साठवा, कॅरेक्टर सेटची ओळ विसरू नका, आणि ब्राउझर सोर्समध्ये 'लोकल फाइल' निवडून रुंदी १९२०, उंची १०८० द्या. पार्श्वभूमी आपोआप पारदर्शक राहते. फाँट 'मुक्त' (Mukta) किंवा 'नोटो सॅन्स देवनागरी', जाडी सेमीबोल्ड, आकार ४८ पिक्सेलच्या खाली नको, कारण बहुतेक लोक फोनवर बघतात आणि अनुस्वार, रफार आधी पुसले जातात. पाटी खालच्या कडेला चिकटवू नका, यूट्यूबची नियंत्रणं तिथेच येतात. प्रत्येक रागासाठी वेगळा सीन (ओबीएसमधली तयार मांडणी) करून ठेवला की ऐनवेळी टंकलेखन करावं लागत नाही.

कथकप्रेमी

कॅप्चर कार्ड कोणतं घ्यावं? बाजारात अगदी स्वस्तातलीही मिळतात.

पेठेतला वायरमन

गणित करून बघा. १०८०पी २५ चं अनकंप्रेस्ड चित्र म्हणजे सुमारे ८३० एमबीपीएस. यूएसबी २.० ची कमाल ४८०. म्हणजे यूएसबी २.० चं कार्ड चित्र एमजेपीईजीमध्ये दाबूनच पाठवणार. प्लगचा रंग निळा असला तरी आत एमएस२१०९ चिप असेल तर ते यूएसबी २.० च. एका कॅमेऱ्याच्या व्याख्यानाला तेही चालतं. पण त्यातला आवाज वापरू नका, ते ४८ किलोहर्ट्झच्या स्टिरिओला ९६ किलोहर्ट्झचा मोनो म्हणून दाखवतात. दोन कॅमेरे असतील तर यूएसबी ३.० ची दोन कार्डं, दोन वेगळ्या पोर्टांत, एकाच हबवर नाही. कॅमेऱ्याच्या एचडीएमआयमधून बॅटरीची चिन्हं, फोकसचे चौकोन बाहेर येत नाहीत ना, म्हणजे 'क्लीन एचडीएमआय' मिळतो का, हे कॅमेरा भाड्याने घेण्याआधी बघा.

शब्दवेल्हाळ

रेकॉर्डिंग वेगळं ठेवावं का? यूट्यूबवर तर ते राहतंच.

मंद्रसप्तक

ठेवावंच. यूट्यूब १२ तासांपर्यंतच्या प्रक्षेपणाचं संग्रहण करतं हे खरं, पण लाईन जिथे जिथे अडखळली ती प्रत्येक जागा त्यात कायमची राहते. लॅपटॉपवर २० एमबीपीएसने वेगळं रेकॉर्डिंग करा, तासाला ९ जीबी लागतात. साधा एमपी४ निवडू नका: ओबीएस किंवा लॅपटॉप मधेच बंद पडला तर फाइलची अनुक्रमणिका लिहिली जात नाही आणि संपूर्ण फाइल उघडत नाही. एमकेव्ही घ्या, किंवा ओबीएस ३०.२ पासून आलेला 'हायब्रिड एमपी४'. नंतर फाइल मेनूतल्या 'रीमक्स रेकॉर्डिंग्ज'ने एमकेव्हीचा एमपी४ होतो, दर्जा तसाच राहतो. पेनड्राइव्हवर रेकॉर्ड करत असाल तर तो फॅट३२ नाही ना, हे पाहा. त्यात फाइल ४ जीबीवर थांबते, म्हणजे अर्ध्या तासाच्या आत.

एमकेव्हीत सहा ध्वनिमार्ग ठेवता येतात. पहिल्यात मिश्रण, दुसऱ्यात फक्त ऑक्स, तिसऱ्यात फक्त मागचे मायक्रोफोन. नंतर तबला-गळा यांचं प्रमाण सुधारायचं असेल तर हेच कामी येतं.

पुन्हा अपलोड करताना आवाजाची पातळी बघा. यूट्यूब -१४ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या पातळीचं माप) यापेक्षा मोठा आवाज कमी करतं, लहान असेल तर वाढवत नाही. एफएफएमपेग या सॉफ्टवेअरचा लाउडनॉर्म (पातळी जुळवणारा फिल्टर) एका फेरीत चालवला तर तो आलाप वर ओढतो आणि द्रुत दाबतो, ख्यालाची सगळी चढण सपाट होते. दोन फेऱ्या करा: पहिलीत मोजमाप, दुसरीत ते आकडे देऊन 'लिनिअर' पर्याय सुरू. लक्ष्य -१४ ठेवलं आणि शिखरं मध्ये येत असली तर तो गुपचूप पुन्हा बदलत्या पातळीवर जातो, म्हणून शास्त्रीय संगीताला -१८ किंवा -२० सुद्धा ठीक आहे. आउटपुटचा सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ असा स्पष्ट लिहा, बदलत्या पातळीवर लाउडनॉर्म १९२ किलोहर्ट्झवर काम करतो आणि फाइलही तशीच बाहेर येऊ शकते.

एरंडवणेकर

एक कागदाचं काम. कलाकारांची लेखी संमती प्रक्षेपण आणि संग्रहण दोन्हींसाठी वेगवेगळी घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ३८ प्रमाणे सादरकर्त्याला सादरीकरणावर ५० वर्षं हक्क असतो, आणि सादरकर्ता म्हणजे फक्त गायक नव्हे, तबला, हार्मोनियम, तानपुऱ्याची साथ करणारेही. मध्यंतरात ध्वनिमुद्रिका लावायचा मोह टाळा. यूट्यूबची यंत्रणा थेट प्रक्षेपणातही जुळणी शोधते आणि सापडली तर चित्राच्या जागी स्थिर पाटी येऊ शकते. मध्यंतराला ओबीएसमध्ये वेगळा सीन ठेवा: 'पंधरा मिनिटांत परत सुरू', फक्त मागच्या मायक्रोफोनचा हलका आवाज, ऑक्स म्यूट. कलाकार मंचावर आपसात बोलत असतात, ते जगभर जायला नको.

कथकप्रेमी

चॅनेल नवीन आहे. लगेच थेट जाता येईल का?

ओपनसोर्स

लगेच नाही. फोन क्रमांकाची पडताळणी करून थेट प्रक्षेपणाची परवानगी मागितली की ती सुरू व्हायला २४ तासांपर्यंत लागू शकतात. कार्यक्रम रविवारी असेल तर गुरुवारीच करून टाका. मग कार्यक्रमाची वेळ नोंदवा, लेटन्सी, म्हणजे प्रेक्षकापर्यंत पोहोचायचा उशीर, 'नॉर्मल' ठेवा (मैफलीत प्रेक्षकांशी तत्काळ गप्पा नसतात, आणि जास्त बफर म्हणजे कमी अडखळणं), डीव्हीआर सुरू ठेवा, म्हणजे उशिरा आलेल्याला बंदिशीच्या सुरुवातीला जाता येतं. 'स्ट्रीम की' (तुमच्या चॅनेलवर प्रक्षेपण पाठवायचा गुप्त संकेत) व्हॉट्सॲपच्या गटात टाकू नका. चुकून टाकली गेली तर नियंत्रण कक्षातून ती रीसेट करा आणि नवी ओबीएसमध्ये भरा.